स्टेंट आधी, बायपास नंतर : एका रकान्याचा इतिहास

सिनॉप्सिसची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून एक प्रश्न हमखास येतो : "व्हेरिएबल ठरवायचे कसे?" बहुतेक वेळा उत्तर असतं, आधीच्या पेपरमधून उचलायचे. उचलायला हरकत नाही. पण उचललेली वस्तू कुणी, कधी आणि कशासाठी बनवली होती, हे निदान एकदा तरी बघावं. आज एकच व्हेरिएबल घेतो. हृदयशस्त्रक्रियेच्या नोंदींमध्ये एक रकाना असतो : "आधी अँजिओप्लास्टी झाली आहे का? हो / नाही." दिसायला अगदी साधा. पण या 'हो'मध्ये पन्नासेक वर्षं कोंबून बसवलेली आहेत.

(मी हृदयरोगतज्ज्ञ नाही. माझं काम वैद्यकीय नोंदी कशा तयार होतात यावर आहे. तेव्हा हे वाचून कुणी आपल्या किंवा घरच्यांच्या गोळ्यांत बदल करू नये, ही विनंती.)

सुरुवात करू एका अशा यादीपासून जिच्यात हा रकाना नाहीच. बायपासआधी रुग्णाला किती धोका आहे याचा अंदाज बांधण्यासाठी युरोपात 'युरोस्कोअर' नावाची पद्धत तयार झाली. आपल्याकडेही ती वापरतात. वय, मूत्रपिंडाचं काम, फुप्फुसाचा जुना आजार, हृदयाची पंप करण्याची ताकद, अलीकडे झालेला हार्ट अटॅक असं बरंच काही ती विचारते. आधी हृदयाचं ऑपरेशन झालंय का, हेही विचारते. स्टेंट आहेत का, हे मात्र विचारत नाही. ही पद्धत प्रसिद्ध झाली १९९९ साली, पण तिची माहिती १९९५ मध्ये गोळा केलेली होती. अमेरिकेत पाल्माझ-शॅट्झ स्टेंटला या वापरासाठी मान्यता मिळाली ऑगस्ट १९९४ मध्ये. म्हणजे यादी बनत होती तेव्हा स्टेंट घेऊन ऑपरेशनला येणारा माणूसच विरळा होता. २०१२ साली युरोस्कोअरची दुसरी आवृत्ती आली. ती ४३ देशांतल्या २२,३८१ रुग्णांच्या नोंदींवर उभी होती आणि या नोंदी २०१० च्या होत्या. तोवर स्टेंट गल्लोगल्ली झाले होते, तरी यादीत ते आले नाहीत. का आले नाहीत, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांचं नीट चित्र मिळू लागलं १९५८ पासून. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांच्या तपासणीत रंगद्रव्य चुकून थेट कोरोनरी धमनीत गेलं, रुग्ण वाचला आणि अँजिओग्राफी जन्माला आली. १९६४ मध्ये लेनिनग्राडला वसिली कोलेसोव्ह यांनी छातीच्या आतल्या भिंतीवरची धमनी कोरोनरीला जोडली. १९६७ मध्ये क्लीव्हलँडलाच रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या सर्जननी पायाची शीर वापरून बायपास केली आणि पुढे ती पद्धत रुजवली. बायपास म्हणजे तुंबलेल्या जागेला हात न लावता तिच्या पलीकडे नवा रस्ता काढून देणं. हे 'पलीकडे' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी उलटा विचार केला : नवा रस्ता नको, तुंबलेली जागाच आतून फुग्याने रुंद करू. त्यांनी १९७९ मध्ये पहिल्या ५० रुग्णांवर जो पेपर लिहिला, तो संशोधनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असं माझं मत आहे. एवढ्यासाठी, की त्यात बढाई नाही. ५० पैकी ३२ जणांत यश. ५ जणांची प्रकृती अचानक बिघडल्यामुळे तातडीने बायपास करावी लागली. आणि पुढे ते सांगतात की बायपासला पात्र असलेल्या रुग्णांपैकी जेमतेम १० ते १५ टक्के लोकांनाच ही पद्धत चालेल, आणि तिची खरी किंमत कळायला शस्त्रक्रिया व औषधांशी तुलना करणारी चाचणी घ्यावी लागेल.

५० पैकी ५, म्हणजे दहातला एक. त्यामुळे फुगा फुगवायचा तो सर्जन तयार असतानाच, असा नियम पडला. तेव्हाच्या नोंदीत 'अँजिओप्लास्टीनंतर बायपास' असं लिहिलेलं आढळलं, तर बहुधा त्याचा अर्थ धमनी फाटली किंवा बंद पडली आणि माणूस तसाच ऑपरेशन थिएटरात नेला, असा असे. मधलं अंतर तासांचं. ही पहिली पिढी.

दुसरी पिढी स्टेंटची. १९८६ मध्ये तुलूझला जाक प्युएल आणि लोझानला उलरिक सिगवार्ट यांनी धमनीत जाळीदार धातूची नळी बसवली. कल्पना सोपी : फुगा काढून घेतला की धमनी पुन्हा आत येते, तर आत एक टेकू ठेवून द्यावा. सुरुवात मात्र सुखाची नव्हती. युरोपातल्या सहा केंद्रांतल्या पहिल्या १०५ रुग्णांचा अहवाल १९९१ मध्ये आला. त्यातल्या २५ जणांचे स्टेंट पूर्ण बंद पडलेले आढळले. धातू दिसला की रक्त गोठतं, हा त्यातला मुख्य अडथळा. तो सुटला गोळ्यांनी. अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला रक्तातल्या प्लेटलेट्सना चिकटू न देणारी दुसरी गोळी द्यायची, हे नव्वदच्या दशकाच्या मध्याला पक्कं झालं. १९९४ मध्ये बेनेस्टेंट आणि स्ट्रेस या दोन चाचण्या छापून आल्या. नुसत्या फुग्यानंतर धमनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण बेनेस्टेंटमध्ये ३२ टक्के होतं, स्टेंटने ते २२ वर आलं. स्ट्रेसमध्ये ४२ वरून ३२ वर.

आता यातून नोंदींचं काय झालं बघा. ज्या क्लीव्हलँडला बायपास रुजली, तिथेच अँजिओप्लास्टी फसल्यामुळे कराव्या लागलेल्या तातडीच्या बायपासचं प्रमाण १९९२ मध्ये १.५ टक्के होतं. २००० मध्ये ते ०.१४ टक्क्यांवर आलं. दहातल्या एकापासून सातशेतल्या एकापर्यंत. मागे उभा असलेला सर्जन हळूहळू खोलीतून बाहेर गेला, मग इमारतीतूनही गेला. आज आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी कॅथलॅब असते आणि हृदयाचं ऑपरेशन करणारं रुग्णालय शंभर-दीडशे किलोमीटरवर असतं, यामागे हा आकडा आहे.

पण 'अँजिओप्लास्टीनंतर बायपास' ही नोंद काही संपली नाही. ती दुसऱ्याच अर्थाने परत आली. आता मधलं अंतर तासांचं नव्हतं, वर्षांचं होतं. स्टेंट नीट बसला, रुग्ण घरी गेला, नोकरी केली, मुलांची लग्नं केली. मग स्टेंटच्या आत पुन्हा अरुंद झालं, किंवा आजार दुसऱ्या धमनीत पसरला. दुसरा स्टेंट, तिसरा स्टेंट. १९९९ च्या अखेरीस साओ पाउलोमध्ये औषध लावलेले पहिले स्टेंट माणसात बसवले गेले, एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेने त्यांना मान्यता दिली आणि पुन्हा अरुंद होण्याचं भय बरंच कमी झालं. मग लांब स्टेंट, एकापुढे एक स्टेंट, तीनही धमन्यांत स्टेंट. आणि या सगळ्यानंतर एक दिवस डॉक्टर म्हणतात, आता बायपासच करावी लागेल.

रकान्यात या रुग्णापुढेही 'हो' आणि १९७९ च्या त्या पाच जणांपुढेही 'हो'. दोघांत काही साम्य आहे का?

सर्जनच्या बाजूने बघितलं तर प्रश्न अगदी ठोस आहे. ग्राफ्ट जोडायला तुंबलेल्या जागेच्या पलीकडे धमनीचा एक मऊ, मोकळा तुकडा लागतो. तिथे काही मिलिमीटरची चीर घेऊन केसाइतक्या बारीक धाग्याने टाके घालायचे. धमनीची रुंदीच तिथे दोन मिलिमीटरच्या आसपास. आता नेमक्या त्या तुकड्यात धातूची जाळी असेल तर? जाळीवर टाका घालता येत नाही. मग आणखी खाली सरकावं लागतं, जिथे धमनी अजून बारीक झालेली असते आणि ग्राफ्टमधून आलेलं रक्त पुढे जायला वाव कमी असतो. कधीकधी धमनी लांबवर उघडून आतल्या थरासकट स्टेंटच सोलून काढतात. ते कौशल्याचं आणि जोखमीचं काम आहे. शिवाय लांब स्टेंटमुळे बाजूच्या छोट्या फांद्या बंद पडल्या असतील तर हृदयाचा तेवढा भाग आधीच उपाशी असतो. म्हणजे स्टेंट आहे की नाही यापेक्षा तो कुठे आहे आणि कुठे संपतो, यावर सगळं अवलंबून. एका धमनीत वर, तोंडाशी बसवलेला छोटा स्टेंट सर्जनच्या वाटेत कदाचित येणारही नाही.

दुसरी अडचण गोळ्यांची. औषधी स्टेंटनंतर वर्षभर दोन्ही गोळ्या चालू ठेवा, हा सल्ला अमेरिकी संघटनांनी २००७ मध्ये ठामपणे दिला, कारण गोळ्या लवकर बंद केल्यावर स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊन माणसं दगावत होती. आणि ऑपरेशनआधी क्लोपिडोग्रेलसारखी गोळी साधारण पाच दिवस थांबवावी लागते, नाहीतर रक्तस्राव आवरत नाही. गोळी चालू ठेवली तर रक्त वाहतं, थांबवली तर स्टेंट बंद पडू शकतो. सहा आठवड्यांपूर्वी बसवलेला स्टेंट आणि सहा वर्षांपूर्वीचा स्टेंट, यांत या बाबतीत जमीनअस्मानाचा फरक आहे. रकान्यात तो दिसत नाही.

मग आकडे काय म्हणतात? २००६ मध्ये जर्मनीतल्या एसेनच्या सर्जनांनी ठरवून केलेल्या, म्हणजे तातडीच्या नसलेल्या बायपासचा अभ्यास छापला. आधी अँजिओप्लास्टी न झालेले २,६२६ रुग्ण, एकदा झालेले ३६०, आणि एकाहून अधिक वेळा झालेले २८९. या शेवटच्या गटात रुग्णालयातच मृत्यू होण्याचा ऑड्स रेशो २.२४ निघाला. पेपरचा सगळा भर 'अनेक वेळा' या शब्दांवर होता. बाहेर मात्र त्याचं 'स्टेंटनंतर बायपास धोक्याची' असं होऊन गेलं. विशेषणं अशीच गळतात. (ऑड्स रेशो म्हणजे थेट 'इतक्या पट मृत्यू' नव्हे, हेही जाता जाता. मृत्यू विरळ असतात तेव्हा दोन्ही आकडे जवळ येतात एवढंच.)

२००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हृदयशस्त्रक्रियेच्या नोंदवहीवरून दुसरा अभ्यास आला. एकूण १३,१८४ रुग्ण, त्यांतल्या १,४५७ जणांची आधी अँजिओप्लास्टी झालेली. वय, मधुमेह वगैरे फरक हिशेबात धरल्यावर ना लगेचच्या मृत्यूंशी संबंध दिसला, ना पुढच्या काही वर्षांतल्या.

इथे आपल्यातले बरेच जण 'निष्कर्षांत एकवाक्यता नाही' असं लिहून पुढे जातात. थांबा. आधी भागाकार करा. एसेनमध्ये ३,२७५ पैकी ६४९, म्हणजे जवळपास २० टक्के रुग्ण अँजिओप्लास्टी होऊन आलेले. ऑस्ट्रेलियात ११ टक्के. इतका फरक का असावा? दोन ठिकाणी स्टेंटकडून ऑपरेशनकडे येण्याची वाट वेगळी होती, असं मला वाटतं. कुठे रुग्णाला लवकर सर्जनकडे पाठवतात, कुठे शेवटचा पर्याय म्हणून. मग 'हो' या एका शब्दाखाली दोन्हीकडे वेगवेगळी माणसं गोळा होणार, आणि निष्कर्षही वेगळे येणार. यात कुणी चुकलं असेलच असं नाही.

याहून खोल एक अडचण आहे. स्टेंट घेतलेल्यांपैकी बायपासपर्यंत पोचतो कोण? ज्यांचा स्टेंट उत्तम चालला ते येतच नाहीत. जे वाटेतच गेले तेही येत नाहीत. सर्जनच्या नोंदवहीत दिसतात ते मधले. पंढरपुरात पोचलेल्या वारकऱ्यांनाच गाठून 'वाट कशी होती?' विचारावं, तसं हे आहे. त्यांची उत्तरं खरी असतात, पण ती सगळ्या वारीची नसतात. प्रोपेन्सिटी स्कोअरने दोन गटांतली सारख्या वयाची, सारख्या आजाराची माणसं जोडीने बसवता येतात, पण नोंदवहीत न आलेल्या माणसाला कुठलंही संख्याशास्त्र आणून बसवू शकत नाही. म्हणून 'आधीच्या स्टेंटमुळे बायपास बिघडते का' आणि 'आधी स्टेंट घ्यावा की थेट बायपास करावी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर सर्जनच्या वहीत शोधता येईल, दुसऱ्याचं नाही. दुसऱ्यासाठी सुरुवातीच्या दारापाशी, म्हणजे पहिल्या अँजिओग्राफीपाशी उभं राहून मोजायला लागावं लागतं.

तशी एक मोठी चाचणी झाली, सिंटॅक्स नावाची. तीन धमन्यांचा किंवा डाव्या मुख्य धमनीचा आजार असलेले १,८०० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. २००९ मध्ये निकाल आला. वर्षभरात मृत्यू, पक्षाघात, हार्ट अटॅक किंवा पुन्हा उपचार यांपैकी काही घडलं ते स्टेंटच्या गटात १७.८ टक्के, बायपासच्या गटात १२.४ टक्के. फरक मुख्यतः पुन्हा उपचार लागण्यातून आला, आणि पक्षाघात बायपासच्या गटात जास्त होता, हेही सांगायला हवं. पण तिच्या अटींचा परिच्छेद काढून वाचा. आधी अँजिओप्लास्टी झालेल्यांना प्रवेशच नव्हता. यामागचं कारण समजण्यासारखं आहे, तुलना स्वच्छ हवी होती. परिणाम असा, की स्टेंट की बायपास या वादातला एक मोठा पुरावा कोऱ्या धमन्यांवर उभा आहे, आणि वॉर्डात समोर बसलेल्या माणसाच्या धमनीत आधीच दोन स्टेंट आहेत. पेपर वाचताना निकालाआधी वगळलेल्यांची यादी वाचायची सवय लावून घ्या.

आपल्याकडचा इतिहासही याच क्रमाने गेला, फक्त जवळजवळ आला. भारतातली पहिली बायपास १९७५ मध्ये मद्रासच्या पेरांबूर इथल्या रेल्वे रुग्णालयात के. एम. चेरियन यांनी केली. अँजिओप्लास्टी १९८६ मध्ये आणली मॅथ्यू सॅम्युअल कलरिकल यांनी. ते अमेरिकेत खुद्द ग्रुंट्झिग यांच्या हाताखाली शिकले होते. आणि या गुंतागुंतीच्या वाटेचं सर्वांना आठवत असलेलं उदाहरण म्हणजे डॉ. मनमोहन सिंग. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये बायपास, नंतर अँजिओप्लास्टी, आणि पंतप्रधान असताना २४ जानेवारी २००९ ला दिल्लीच्या एम्समध्ये पुन्हा बायपास. ही दुसरी शस्त्रक्रिया मुंबईचे रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने केली. आता त्यांची नोंद आपल्या रकान्यात भरून बघा. 'हो'. बस्स. मधली एकोणीस वर्षं, त्यांचा क्रम, कुठली धमनी, सगळं त्या एका अक्षरात गेलं.

यात खरं पणाला काय लागलं आहे, ते अँजिओग्राफीच्या खोलीबाहेर दिसतं. रुग्ण आत टेबलावर, नातेवाईक बाहेर. दार उघडतं आणि विचारलं जातं, "दोन ब्लॉक आहेत, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ का? पुढे लागलीच तर बायपास आहेच." हार्ट अटॅक चालू असेल तर विचार करायला वेळच नसतो. स्टेंट जीव वाचवतो, तो टाकावाच. पण स्थिर रुग्णाच्या बाबतीत 'पुढे लागलीच तर बायपास आहेच' या वाक्यात एक गृहीतक आहे : पुढची बायपास आजच्याइतकीच सोपी असेल. कुणासाठी हे खरं असेल, कुणासाठी नसेल. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या आणि सर्जनांच्या संघटनांनी २०१० मध्ये एकत्र मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि गुंतागुंतीच्या आजारात निर्णय टेबलावर नको, दोघांनी मिळून बसून घ्यावा असं सांगितलं. ग्रुंट्झिग यांच्या काळात सर्जन शेजारी असायचा तो फसल्यावर धावून जाण्यासाठी. आता तो निर्णयाच्या वेळी शेजारी हवा, असं ठरलं.

ज्यांना या विषयावर महाराष्ट्रात काम करायचं आहे त्यांच्यासाठी एक सुगावा देतो, हवा तर घ्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली : साधा ७,२६० रुपये, औषधी २९,६०० रुपये, कर वेगळा. चर्चा झाली ती किमतीची. पण त्याच आदेशात रुग्णालयांना आणखी एक सांगितलं होतं : बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवा, सोबत ब्रँड, उत्पादक आणि बॅच नंबर लिहा. हे केलं ग्राहकाच्या हितासाठी, संशोधनासाठी नव्हे. तरीही ज्या रुग्णाच्या केसपेपरवर नुसतं 'आधी अँजिओप्लास्टी' एवढंच लिहिलेलं असतं, त्याच्या घरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुन्या ईसीजीच्या गुंडाळ्यांखाली, ते बिल असतं. किती स्टेंट, कुठल्या जातीचे, कुठल्या तारखेला. बऱ्याचदा फाइलला स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकरही चिकटवलेलं असतं, त्यावर लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन तीच पिशवी मागवून घेतात.